ठेकेदाराची नाव आणि बच्छाव सरांच्या मिशा

त्या रविवारी कळवणजवळच्या बेलदरी गावाच्या नदीकाठाला जत्रेचं रूप आलं होतं. टेम्पो, जीप, मोटारसायकली, एक फुगेवाला, उसाच्या रसाचे दोन गाडे, आणि गिरणेच्या गुडघाभर पाण्यात दाटीवाटीने उभी पाच-सातशे माणसं. सगळ्यांचे डोळे पात्राच्या मधोमध. तिथे एका अंगावर कललेली, निम्मी गाळात गेलेली, काळीठिक्कर पडलेली एक चपटी लाकडी नाव होती. ही नाव मधुमेह बरा करत असे. काठावर उसाचा रस जोरात खपत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नाव गावाला नवी नव्हती. पूल व्हायच्या आधी एका लाकूड ठेकेदाराने डोंगरातले ओंडके अलीकडच्या तीरावर आणायला ती बांधून घेतली होती. पुढे पूल झाला, ट्रक आले, ठेकेदार गेला, आणि एका पुरात नाव जी रुतली ती रुतलीच. पन्नासेक वर्षं गावातल्या बायकांनी तिच्यावर गोधड्या आपटल्या, म्हशींनी तिला अंग घासलं, पोरांनी तिच्यावरून उड्या मारल्या. तिला कुणी हात जोडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. होळीनंतर नौकानाथ महाराज आले आणि गोधड्या बंद झाल्या.

महाराज चाळिशीचे, गोरेगोमटे, भगव्या कफनीवर काळा चष्मा. नावेच्या उंच टोकावर उभे राहून ते माईकवर बोलत.

“भक्तहो, प्रलय आला! सप्तऋषी नावेत बसून निघाले. काय घेऊन निघाले? सोनं? नाही! नाणं? नाही! वनौषधी घेऊन निघाले! वर ऋषी, मध्ये वनौषधी, खाली लाकूड. लाकूड काय करणार? शोषणार! हजारो वर्षं शोषणार! साखर म्हणजे काय हो? साखर म्हणजे मोह. हे काष्ठ मोह ओढून घेतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी इथे यंत्र लावलं, यंत्र जळालं!”

कुठले शास्त्रज्ञ, कुठलं यंत्र, हे विचारायची सोय नव्हती. कारण लगेच घंटा वाजे.

या गर्दीतून, विजार मांडीपर्यंत गुंडाळून आणि डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन एक पन्नाशीतला माणूस पाणी कापत पुढे येत होता. हे संतोष बच्छाव सर. नाशिकला इंदिरानगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून चमत्कार फोडत. त्या ट्रंकेत सत्तावीस चमत्कारांची उत्तरं होती. नारळातून निघणारी करणी, लिंबातून येणारं रक्त, जिभेतून आरपार जाणारा त्रिशूळ, सगळं. सरांना आपल्या ट्रंकेचा अभिमान होता, पांढऱ्याशुभ्र झुबकेदार मिशांचा त्याहून जास्त, आणि आपण कधी फसत नाही याचा सगळ्यांत जास्त.

काठावर त्यांची थोरली बहीण कुसाबाई पदर खोचून उभी होती. ती याच गावात दिलेली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकटी राहायची. आठ वर्षांपासून दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यायची. तिनेच फोन करून भावाला बोलावलं होतं. “तू सांगशील ते खरं,” एवढंच ती म्हणाली होती.

“अरे, नाशिकचे सर! या, या!” महाराजांनी वरूनच स्वागत केलं.

“मी तुमच्या हातचं काही घेणार नाही,” सरांनी आवाज चढवला. “ग्लास माझा. पाणी मी भरणार. लाकूड मी काढणार.”

आता महाराज कां-कूं करणार, या आशेने सरांनी गर्दीकडे एक नजरही टाकून घेतली.

“काढा की! नाव काय माझ्या बापाची आहे?” महाराज म्हणाले. “त्या फळ्यांच्या फटीत बोट घाला. ऋषींचा अंश आतच राहतो.”

सरांनी फटीत बोटं घातली, जोर लावून एक ढलपी उपसली, आपल्या ग्लासात नदीचं पाणी भरून त्यात टाकली. महाराजांनी वरून चिमूटभर विभूती सोडली. दहा मिनिटं आरती चालली. तेवढ्यात पाणी पिवळं झालं आणि मग मधासारखं सोनेरी. महाराजांनी ग्लासामागे काळी घोंगडी धरली. ऊन पाण्यावर पडलं आणि सोनेरी पाण्याच्या काठावर झगझगीत निळा रंग उमटला. मोराच्या मानेवर असतो तसा.

“पोटात सोनं, काठाला आकाश!” महाराज गरजले. पाच-सातशे माणसांनी एकदम श्वास घेतला. त्यात सरांचाही होता.

सरांनी ट्रंक उघडली. लिटमस काढला, परत ठेवला. पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीकडे पाहिलं. हळदीच्या कागदाकडे पाहिलं. ट्रंकेत सत्तावीस चमत्कार होते आणि हा अठ्ठाविसावा निघाला.

“बोला सर. विज्ञान काय म्हणतं?”

विज्ञान काहीच म्हणेना. “तपासून सांगतो,” सर पुटपुटले, आणि ढलपी खिशात घालून ट्रंकेसह काठाकडे वळले. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

आता सरांची एक गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी कुठल्याच व्याख्यानात सांगितली नव्हती. सरांना स्वतःला साखर होती. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी गोळ्यांवर भागणार नाही म्हणून इन्सुलिनचं पेन लिहून दिलं होतं, आणि ते पेन फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बाटलीमागे जसंच्या तसं पडून होतं. कारण सत्तावीस चमत्कारांना न घाबरणारे बच्छाव सर सुईला घाबरत. साधंसुधं नाही, घाम फुटेपर्यंत. खिळ्यांच्या पाटावर ते खुशाल झोपत, कारण तिथे हजार खिळे असतात. एकटी सुई आली की त्यांचा जीव पाणी पाणी होई. बायको योगिनी रक्त तपासणी केंद्रात काम करायची. दिवसाला साठ माणसांना सुई टोचून घरी आली की तिला एकसष्टावा माणूस सापडत नसे. तो नेमका तेव्हा भाजी आणायला गेलेला असे.

घरी आल्यावर सरांनी ढलपी स्टीलच्या पेल्यात भिजत घातली. निरीक्षणासाठी. सकाळी पेल्यात सोनेरी पाणी होतं. सरांनी वास घेतला. निरीक्षणासाठी. मग इकडेतिकडे पाहून एक घोट घेतला. तोही निरीक्षणासाठीच. पाणी तुरट लागलं. गोड खोटं असतं, कडू-तुरट खरं असतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि हा विचार कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही याची त्यांना लाजही वाटली. तरी पेला रिकामा झालाच.

ढलपीबरोबर महाराजांचा एक छापील कागद मिळत असे, तो काठावर सरांच्याही हातात कुणीतरी कोंबला होता. ‘पथ्य मोडल्यास काष्ठतीर्थ कोपते. साखर, भात, मैदा वर्ज्य. सूर्यास्तापूर्वी भोजन. रोज अनवाणी किंवा चपला घालून पाच किलोमीटर चालणे.’ सर शास्त्रशुद्ध माणूस. प्रयोग करायचा तर अटी पाळूनच, म्हणून त्यांनी कागदातलं अक्षर न् अक्षर पाळलं. शाळेशेजारच्या हलवायाकडची संध्याकाळची जिलबी बंद झाली. हलवायाने दोनदा निरोप पाठवला. दहाव्या दिवशी योगिनीला चुकवून सरांनी दुसऱ्याच प्रयोगशाळेत उपाशीपोटी साखर तपासली. दोनशे बाराची एकशे अडतीस झाली होती.

सरांनी तो तपासणीचा कागद चार वेळा वाचला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी आजवर निदान शंभर बाबांना ऐकवली होती. त्या रात्री ती त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिली. पण पाणी काही सुटलं नाही.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बागलाण-कळवणकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. आईवडील गेल्यावर कुसाबाईचं माहेर म्हणजे भावाचा इंदिरानगरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. ती खापराचे मांडे आणि आमरसासाठी आंबे घेऊन आली. भावाने आमरसाला हात लावला नाही.

“आखाजीले रस नको म्हणस?” तिने आपल्या अहिराणीत विचारलं. “बरं शे ना तुले?”

“पथ्य आहे, आक्का.”

“कोणाचं? डॉक्टरचं?”

“हो. डॉक्टरांचंच.”

दुसऱ्या दिवशी पहाटे कुसाबाई पाणी तापवायला उठली. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत तिचा विज्ञान शिकवणारा भाऊ पाठमोरा उभा होता. हातात स्टीलचा पेला, पेल्यात ढलपी, आणि डोळे मिटलेले. ती दोन पावलं मागे सरली, परत अंथरुणात जाऊन पडली आणि उजाडेपर्यंत तिने काहीच विचारलं नाही. दुपारी बसमध्ये बसताना तिने भावाच्या गालावरून हात फिरवला. सरांना वाटलं, आखाजी संपल्याचं वाईट वाटतंय.

त्यानंतर नवव्या दिवशी भर दुपारी कुसाबाईच्या शेजारणीचा, आशाचा फोन आला. “सर, लवकर या. आक्का पडल्या. कळवणच्या दवाखान्यात आणलंय. साखर सहाशेच्या वर हाय म्हणतात.”

सर मिळेल ती गाडी पकडून कळवणला पोचले. कुसाबाईला सलाइन लावलेलं. श्वास जड, ओठ सुकलेले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. इन्सुलिन आठ दिवसांपासून बंद होतं. तिने स्वतः बंद केलं होतं.

दोन दिवसांनी ती नीट बोलायला लागली तेव्हा सर तिच्या खाटेवर बसले.

“आक्का, का बंद केलंस?”

“तू पिस ना ते पाणी. मी देखं. आखाजीले.”

“आक्का, ते... तो प्रयोग होता.”

“डोळे मिटीसन?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुईची भीती, पेन, लोणच्याची बाटली, चोरून पिणं. “मी चुकलो. ते पाणी खोटं आहे, आक्का. घरी गेल्यावर इंजेक्शन घे. माझ्यासाठी घे.”

“हाई तू मन्हा जीव वाचाडासाठी म्हणस,” कुसाबाई म्हणाली. “संतू, माणूस चार लोकांत बोलस ते लोकांसाठी. चोरून करस ते सोतासाठी. मंग खरं कोणतं? इथं हे टोचतात, टोचू दे. घरी गेल्यावर मी काय टोचणार नही.”

सर बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. आयुष्यात प्रथमच त्यांना वादात हरवणारा माणूस भेटला होता, आणि तो चौथी शिकलेला होता. त्यात भर म्हणून आशाने सांगितलं की नौकानाथ महाराज आता माईकवर जाहीर करतात, “नाशिकचे बच्छाव सर तपासायला आले आणि भक्त होऊन गेले! विचारा त्यांच्या बहिणीला!” गावातल्या निदान दहाजणांनी गोळ्या बंद केल्या होत्या. आक्काने आजारी पडण्याआधी आनंदाने चारचौघींना सांगितलं होतं, एवढंच.

संध्याकाळी योगिनी आली. सरांनी तिलाही सांगून टाकलं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “जिलबी कधी बंद केलीत?”

“पहिल्याच दिवशी.”

“भात?”

“तोही.”

“आणि पाच किलोमीटर चाललात. डॉक्टर तीन वर्षं हेच सांगत होते, अहो. तेव्हा ऐकलं नाहीत. बाबाने छापून दिलं तेव्हा ऐकलंत. तुमच्या गोळ्या चालू होत्या, पथ्य नवं होतं, म्हणून साखर उतरली. आक्कांचं शरीर इन्सुलिनच बनवत नाही आता. त्यांना पथ्य पुरणार नाही. त्यांना सुईच लागणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ढलपी घेऊन सातपूरला अब्बास मिस्त्रींच्या कारखान्यात गेले. सरांचा खिळ्यांचा पाट, त्रिशूळ, खोट्या तळाच्या पेट्या, सगळं सामान अब्बासच बनवत. पंधरा वर्षांत दोघांची चांगली दोस्ती जमली होती.

“अब्बासभाई, हे बघा. एका मित्राचं आहे. मित्र हे पाण्यात घालून पितो.”

अब्बासनी ढलपी घेतली, नखाने खरवडली, ओठाला लावली आणि हसू लागले. “सर, ये तो बिबळा आहे. बिबळा! विजयसार म्हणतात ते झाड. भिजवला की पाणी असं होणारच. माझ्या कारखान्यात बिबळा कापला त्या दिवशी फरशी पुसा, बादलीत सोनं. मासूमा म्हणजे आमची घरवाली, ती माझे शर्ट धुताना काय काय बोलते ते तुम्हाला सांगत नाही. पिवळा डाग जातच नाही.”

“आणि निळा रंग?”

“तो पण त्याचाच. उन्हात बघायचा, मागे काळं धरायचं. पाण्यात चुना घातला तर अजून चमकतो. माझे अब्बा असल्या पाण्याचे ग्लास दाखवून आम्हाला लहानपणी चकवायचे.”

विभूती! म्हणजे चुना. सरांनी कपाळावर हात मारला. लाकडातलं द्रव्य उन्हातले न दिसणारे किरण शोषतं आणि निळा प्रकाश परत टाकतं. चुन्याने पाणी अल्कधर्मी झालं की जास्तच. प्रतिदीप्ती! सत्तावीस वर्षं हा माणूस मुलांना प्रकाश शिकवत होता.

अब्बासनी ढलपी उलटी केली. “आणि हे बघा. या रेघा. या मशीनच्या पट्टा करवतीच्या आहेत, एकसारख्या. नाव पन्नास वर्षांपूर्वीची ना? तेव्हा दोन माणसं खाली-वर उभी राहून हातकरवतीने फळ्या कापायची. हे लाकूड गेल्या महिन्यात कापलंय. कुणीतरी पाचरी करून फटीत ठोकल्यात.”

“म्हणजे मी स्वतःच्या हाताने त्याचीच पाचर उपसली?”

“तुम्ही? मित्र ना?”

सर ढलपीवरच्या रेघा मोजू लागले.

“तुमच्या मित्राला सांगा,” अब्बास अगदी गंभीरपणे म्हणाले, “की मिशा पांढऱ्या असतील तर बिबळ्याचं पाणी पिऊ नका. खालच्या बाजूने पिवळ्या होतात.”

भिंतीवर दाढी करायचा छोटा आरसा होता. सरांनी त्यात पाहिलं. झुबकेदार मिशांची खालची कड हळदीत बुडवल्यासारखी दिसत होती. तीन आठवडे त्या मिशा घेऊन ते शाळेत, बसमध्ये, चमत्कार फोडणाऱ्या आपल्या मंचाच्या बैठकीत फिरले होते.

पुढच्या रविवारी बेलदरीच्या पात्रात पुन्हा गर्दी होती. दवाखान्यातून आदल्या दिवशीच घरी सुटलेली कुसाबाई आशाच्या आधाराने काठावर येऊन बसली होती. सकाळची सुई तिने घेतली नव्हती. योगिनी साखर मोजायचं यंत्र घेऊन काठावर बसली, सर आणि अब्बास पाण्यात उतरले. या वेळी ट्रंक नव्हती.

“आले! आले आपले भक्त!” महाराज माईकवर ओरडले. “टाळ्या!”

टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत सर थांबले. “महाराज, आज लाकूड अब्बासभाई काढतील. फटीतलं नाही, नावेचं.”

महाराज काही बोलायच्या आत अब्बासनी पटाशी लावून नावेच्या काठाची एक फळी खरवडली. काळं, जुनं, जड लाकूड. त्याचे तुकडे ग्लासात टाकले. विभूती महाराजांचीच घेतली. सगळे वाट पाहत राहिले. पाणी गढूळ झालं, बस्स. मग अब्बासनी खिशातून सातपूरच्या कारखान्यातला, गिरणा नदी कधी न पाहिलेला बिबळ्याचा तुकडा काढून दुसऱ्या ग्लासात टाकला. थोड्याच वेळात सोनं. काळ्या घोंगडीसमोर धरताच आकाश. त्यांनी फटीतली एक पाचर पटाशीने उडवून लोकांना दाखवली. तिचं डोकं ठोकून चेपलेलं होतं.

“श्रद्धाहीन हाताला ऋषी फळत नाहीत!” महाराज म्हणाले.

“ऋषी कुठले आणले?” काठावरून एक चिरका आवाज आला. नारळ विकायला बसलेला ऐंशीचा बहिरू उठला होता. “ही ऐनाच्या लाकडाची हाय. ठेकेदार लय चिक्कू, साग विकायचा आन् नाव ऐनाची करायचा. या नावेत मी सहा वर्षं ओंडके भरले. माझ्या खांद्याला अजून वण हाय.”

“मग आजवर बोलला का नाही, आबा?” कुणीतरी ओरडलं.

“मला कुणी इचारलंच नाय. आन् नारळ खपत होते.”

गर्दीत हशा पिकला. महाराजांनी शेवटचा डाव टाकला. “हसा, हसा! पण या सरांना विचारा, तुम्ही तीर्थ घेतलं की नाही? साखर उतरली की नाही? विचारा!”

लोक सरांकडे पाहू लागले. कुसाबाईही. झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी, असा मोह सरांना एक क्षण झाला, नाही असं नाही. मग ते नावेवर चढले आणि माईक हातात घेतला.

“घेतलं,” ते म्हणाले. “तेवीस दिवस. चोरून. माझ्या मिशा बघा, अजून पिवळ्या आहेत.”

पुढची माणसं वाकून पाहू लागली.

“ते पाणी खरं वाटलं म्हणून नाही प्यायलो. मला सुईची भीती वाटते म्हणून प्यायलो. डॉक्टरांनी दिलेलं पेन मी सहा महिने फ्रिजमध्ये लपवलं. साखर उतरली ती जिलबी सोडल्याने, चालल्याने आणि गोळ्यांनी. बिबळ्यात थोडाफार गुण असेलही, ते तपासणारे तपासतील. पण इन्सुलिनची जागा तो घेऊ शकत नाही. माझी बहीण त्यापायी मरता मरता वाचली, आणि ती माझ्याकडे बघून फसली. त्या दिवशी या पाण्याचं उत्तर मला येत नव्हतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. मला माहीत नाही म्हणजे चमत्कार झाला असं नसतं. माहीत नाही म्हणजे शोधायचं बाकी आहे. आता माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका. माझी बायको काठावर यंत्र घेऊन बसली आहे. ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांनी बोट पुढे करा आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. औषध बंद करायचं की नाही, ते तपासणीवरून डॉक्टर ठरवतील. बाबा नाही, आणि मीही नाही.”

मग त्यांनी खिशातून पेन काढलं. सुई लावायला त्यांनी इतका वेळ घेतला की पुढच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सरांनी शर्ट वर केला. सुटलेलं पोट पाच-सातशे माणसांसमोर उघडं पडलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, कुलदैवताचं नाव तोंडातून निघता निघता गिळलं, आणि टोचलं.

मनातल्या मनात दहापर्यंत मोजून सुई काढली आणि सर फतकल मारून खाली बसले. नाव कलती असल्याने ते तिथे थांबले नाहीत, घसरत थेट पाण्यात गेले. असा हशा त्या काठावर कधी झाला नव्हता. महाराज त्या गडबडीत जीपकडे निघाले होते, पण जीपजवळ गोळ्या सोडलेले दहाजण आधीच उभे होते, आणि अब्बासच्या हातात पाचरी होत्या. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला त्या पुरेशा ठरल्या.

योगिनीपुढे रांग लागली. पहिल्याच माणसाचा आकडा चारशे निघाला. तो त्याने दोनदा वाचला आणि मुकाट्याने बाजूला जाऊन दवाखान्याचा रस्ता विचारू लागला.

सर निथळत काठावर आले. कुसाबाई उठून उभी राहिली होती.

“दुखलं का?” तिने विचारलं.

“दुखलं, आक्का. लय दुखलं.”

“मले रोज दुखस. दिवसातून दोनदा, आठ वर्षं.” तिने पदराने त्याचं डोकं पुसायला घेतलं, लहानपणी पुसायची तसं, जोरजोरात. “मी सांगं का कधी कोणाले?”

सरांचे डोळे भरून आले होते आणि आता ते नदीच्या पाण्यावर ढकलायची सोय होती.

“चाल,” ती म्हणाली. “सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवानं पडस, नहीतर चक्कर येईल. इतकं बी शिकाडं नही का तुले शाळेत?”

घरी गेल्यावर तिने भाकरी थापली, वांग्याची भाजी वाढली आणि भावासमोर ताट ठेवलं. मग आपल्या ताटापुढे बसण्याआधी तिने फ्रिजमधली इन्सुलिनची डबी काढली, साखर मोजली, लुगड्याचा पदर जरा बाजूला केला आणि न थांबता, न बघता सुई टोचली.